पाटीवर भिलाई

मला निरोप द्यायला भिलाई पॉवर हाउस स्टेशनवर आमची अख्खी रिसाली वस्ती लोटली होती, असं मी इथे वेल्समधल्या न्यूपोर्टला ठोकून सांगतो. खरं म्हणजे चौघेच होते, त्यातले दोघे सुपेल्याच्या बाजाराला निघालेले. बाबा रेल्वेत गार्ड होते. गाडी हलायच्या बेताला खिडकीशी येऊन म्हणाले, "कुठले म्हणून विचारलं तं भंडाऱ्याकडले सांगजो. भिलाई सांगशीन तं समजावता समजावता म्हातारा होशीन."

रिसालीकरांनो आणि माझ्यासारख्या पांगलेल्यांनो, मी ऐकलं नाही, आणि खरंच म्हातारा होत आलो. भिलाईत आपण 'मराठी लोग', मूळ गावी भंडाऱ्याला आत्याकडे 'छत्तीसगढचे पाहुणे'. वेल्समध्ये तरी सुटेन म्हटलं, तर शेजारी भेटले ग्विनकाका. त्यांचा जुना जिल्हा मॉनमथशायर. तो वेल्समध्ये की इंग्लंडमध्ये, यावर पिढ्यान्‌पिढ्या घोळ. पुढे जिल्हा मोडला. त्या नावाचा एक तुकडा नकाशावर उरलाय, पण आमचं न्यूपोर्ट त्याच्या बाहेर. काका मात्र पत्त्यात अजून मॉनमथशायरच लिहितात.

यंदा इथल्या मराठी मंडळाने 'आपापल्या जिल्ह्याची चव' असं जेवण ठेवलं. प्रत्येक जिल्ह्याची पाटी, पाटीखाली टेबल. मी भिलाई म्हणालो. सेक्रेटरीताई गोड हसल्या. "तुम्हाला 'इतर'मध्ये टाकते हं!"

इतर! अंगाचा नुसता तिळपापड झाला. नंतर किती फोन, किती मेसेज! माझं मागणं एकच: भिलाईची पाटी, आणि तिच्याखाली मी, बायको आणि इथेच जन्मलेली आमची सई. "नकाशाला काय विचारता, माणसाला विचारा," असं ताईंना सुनावलंसुद्धा. हे ऐकून ग्विनकाका इतके पेटले की गॅरेजमधून फळी आणून पाटी स्वतः रंगवली. 'भ' जमेपर्यंत मला हलू दिलं नाही.

टेबल मिळालं, पण दाराशी. दार उघडलं की गार वारा थेट पाटोड्यांच्या रश्श्यात. मी केलेला फरा, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या छत्तीसगढी वळ्या, बघून जो तो विचारी, "हे मराठी आहे?" की माझं भाषण सुरू, नागपूर ते दुर्ग, हातवाऱ्यांसकट. ऐकणारे हळूच पुढच्या टेबलाकडे सटकत.

तेवढ्यात एका आजींनी सईला विचारलं, "तू कुठली गं?"

मी छाती काढून उभा.

"मॉनमथशायरची."

एका शब्दात! ना भाषण, ना हातवारे. पाहुणे म्हणून आलेल्या ग्विनकाकांनी टाळ्या वाजवल्या आणि सई प्लेट घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मी ओरडलो, "अगं, न्यूपोर्ट त्यात नाही आता!"

"बाबा, नकाशाला काय विचारता?"

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. म्हटलं, एवढं भांडून पाटी मिळवली आणि पोरीने सोडली.

"मंग?" आई म्हणाली. "तू बी तं आमचं भंडारा सोडलंच ना? आमी काई म्हटलं का तुले?"

मी लगेच फोन बायकोकडे दिला. आयुष्यात पहिल्यांदाच, असं बायको म्हणते.

पाटी आता आमच्या दारावर आहे, काकांनीच ठोकली. सई रोज सकाळी तिच्याखालून मॉनमथशायरला जाते आणि संध्याकाळी भिलाईत परत येते. माझा राग अजून गेलेला नाही. पण संध्याकाळी बेल वाजली की दार उघडायला मीच धावतो.