इंदूबाईंच्या बर्फात वाळा

तिवसा तालुक्यातल्या अर्ध्या गावांना पाणी उकळून प्यायला आपणच लावलं, असं इंदूबाई स्वतःच सांगत. एकतीस वर्षं नर्सबाई होत्या. लोकांचे माठ उघडून पाहायच्या, रांजणात टॉर्च मारायच्या आणि कुणाच्या पाण्यात काडी दिसली की भर चौकात त्याचा उद्धार करायच्या. पुंजाजी नावाच्या शेतकऱ्याचा रांजण तर त्यांनी एकाच उन्हाळ्यात तीनदा ओतून टाकायला लावला होता. निवृत्त होऊन त्या अमरावतीला राहायला आल्या, तेव्हा पुंजाजींनी नक्की पेढे वाटले असतील.

अशा बाईंच्या घरी त्यांच्या मुलानं, संघपालनं, अकोल्याहून येऊन आपोआप बर्फ पाडणारा फ्रीज बसवून दिला. आतल्या टाकीत पाणी भरायचं, बाकीचं फ्रीज बघतो. पहिले खडे डब्यात खडखड पडले तेव्हा इंदूबाई दचकल्या, मग हसल्या, मग शेजारच्या पार्वताबाईंना ओढून घेऊन आल्या. दोघी फ्रीजसमोर खुर्च्या टाकून पुढचा बर्फ पडायची वाट बघत बसल्या. दीड तास! चहाही तिथंच झाला.

त्या आनंदाच्या भरात इंदूबाईंनी विहारात जाहीर करून टाकलं, "यंदा बुद्धपौर्णिमेच्या सरबताले लादी आनाची नाई. बर्फ माह्या घरचा!" पोत्यात गुंडाळून आणलेली, रस्त्यावर आपटून फोडलेली ती बर्फाची लादी त्यांना कायम खुपायची. पण आता शब्द गेला होता, आणि नर्सबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

वैशाखात माठात वाळ्याची जुडी नाही असं वऱ्हाडात घर कुठलं? पौर्णिमा पाच दिवसांवर आली तेव्हा इंदूबाईंना वाटलं, बर्फालाही तो वास हवा. झालं! जुडी फ्रीजच्या टाकीत सोडली. पहिल्या दिवशी बर्फ पिवळसर पडला. "वाळा उतरला," म्हणून बाई खूश. दुसऱ्या दिवशी खडे हरभऱ्याएवढे झाले. तिसऱ्या दिवशी नुसतीच घरघर.

इंदूबाईंनी आतलं खरवडायला एका हातात सुरी घेतली आणि दुसऱ्या हातानं संघपालला व्हिडिओ फोन लावला.

"आई, सुरी ठेव खाली!" तो ओरडलाच. "नळीले भोक पडलं त गॅस जाईन. आन् तो ट्रे फिरते, बोट अडकन. आधी बोर्डातली पिन काढ. टाकीत काय टाकलं?"

"वाळा."

"काहून?"

"माठात नाई टाकत का? यानं काय पाप केलं?"

संघपाल खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. हसू आवरल्यावर त्यानं टाकी बाहेर काढायला लावली. जाळीत वाळ्याचे तंतू गच्च अडकले होते आणि तळाशी बुळबुळीत थर होता. इंदूबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. त्यांना फार लाज वाटली. मग एकदम त्यांना असं हसू फुटलं की पार्वताबाई धावत आल्या.

"पुंजाजीच्या रांजनात हे दिसतं, त म्या त्याले गावभर नाचवलं असतं!"

टाकी आणि जाळी कोमट पाण्यानं, मऊ ब्रशनं घासून झाली. पाणी उकळून, गार करून, गाळून भरलं. डब्यातला जुना बर्फ मोगऱ्याच्या आळ्यात गेला. संघपालनं बजावल्याप्रमाणे नवे पहिले दोन घाणेही त्यामागोमाग गेले, तेव्हा मात्र पार्वताबाईंचा जीव वरखाली झाला.

"बाई, परवा पौर्निमा हाय! सरबतात कोनाले दिसते वं?"

"मले दिसते."

पौर्णिमेला विहाराच्या फाटकाशी रांग लागली. वाळा आता आपल्या जागी, सरबताच्या माठात होता. बर्फ पुरवून पुरवून, ग्लासाला दोनच खडे, तेही चिमट्यानं. आणि रांगेत कोण उभं? लेकीकडे आलेले पुंजाजी! त्यांनी ग्लास उन्हात धरला, एक डोळा मिटून आत पाहिलं.

"नर्सबाई, बर्फाचं पानी उकळलं व्हतं का?"

रांग कान टवकारून थांबली. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"हे उकळलं. पन आधी माही टाकी तुमच्या रांजनापेक्षा घान व्हती, पुंजाजी."

"मंग वतून टाकलं का?"

"तीनदा."

पुंजाजींनी ग्लास एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.