रायफलीतल्या अक्षता

"तिकीट मी काढतोय, तू फक्त ये," मित्र फोनवर म्हणाला. "आपण शिकारीला जाणार आहोत."

"कशाच्या?"

"रानरेड्याच्या. आफ्रिकेत. आधी इकडे दुबईला माझ्या घरी उतर, मग सगळे मिळून पुढे जाऊ."

मी हसलो, कारण मला ती थट्टा वाटली. थट्टा का वाटली ते सांगण्यासाठी थोडं मागे जायला हवं. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता आणि आमच्या तालुक्यातल्या जत्रेत देवीला रेडा कापायचे. दरवर्षी जत्रेच्या आधी वडील त्याविरुद्ध पत्रक काढत. घरात अंथरुणापेक्षा पत्रकं जास्त होती. मुळाक्षरं मला शाळेने शिकवली, जोडाक्षरं पत्रकांनी. 'अंधश्रद्धा' हा शब्द मला 'आंबा'च्या आधी लिहिता येत होता.

हा मित्र कॉलेजात भेटला आणि पत्रकं वाटायला आमच्याबरोबर यायला लागला. मी वाटायचो आणि सटकायचो. तो थांबायचा. एका वर्षी रेड्याच्या कपाळाला कुंकू लावणाऱ्या पुजाऱ्याच्या हातातलं ताट त्याने हिसकावलं आणि सरळ विहिरीत फेकलं. संध्याकाळी तो कपाळावर दोन टाके घेऊन आमच्या घरी जेवायला आला. वडील पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगायचे, "हा खरा कार्यकर्ता." पाहुण्यांसमोर मी पाणी घेऊन उभा असायचो.

तर या माणसाला आता रेडा मारायचा होता आणि सोबतीला मी हवा होतो.

मी गेलो. विरोध करायला चाललोय, असं सगळ्यांना सांगून गेलो. विरोध करायचा तर जागेवर हजर असावं लागतं, आणि तिकीट दुसऱ्याने काढलेलं असलं की हजर राहणं सोपं जातं. विमानात बसून मी नकाराचं भाषण तयार केलं. ते असं होतं की विमानतळावर, ऐन आफ्रिकेच्या विमानात चढताना, मी सगळ्यांसमोर वळेन आणि म्हणेन... पुढचं तीन पानं होतं.

बॅगेत भाकरवडी, मेतकूट, गोडा मसाला आणि कुंकवाची मोठी पुडी होती. वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोने, यादीच पाठवली होती. "भावजी, कुंकू आपल्याकडचंच आणा हं, इकडचं रंग सोडतं." म्हणजे पुढे जे झालं त्याचा कच्चा माल मीच पुरवला, हे आधीच कबूल करतो.

मित्र दुबईतल्या अल कुसैसला राहतो आणि रोज गाडीने शारजातल्या हमरिया फ्री झोनला, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, जातो. तिथल्या एका पोलादाच्या कंपनीत तो आठ वर्षं आहे. कंपनीचा मालक कोणत्या देशाचा ते लिहीत नाही. मालकाला देश नसतो, असं आमच्या घरी शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी मित्राने मला ऑफिस दाखवायला नेलं आणि मालकाच्या केबिनची काच दुरून दाखवली. आत भिंतभर फोटो होते. प्रत्येक फोटोत एक मेलेलं जनावर आणि त्याच्यामागे गुडघ्यावर बसलेली दोन-तीन माणसं.

"नीट बघ," तो कुजबुजला. "फोटोतला एक एक माणूस आज मॅनेजर आहे."

"आणि जनावरं?"

"तू सुरू होऊ नकोस हं कॉम्रेड. आठ वर्षं त्या भिंतीसमोर उभा राहून मी रिपोर्ट देतोय. मला त्या भिंतीवर जायचंय. बस."

यंदा शिकारीच्या पार्टीत मालक, दोन मॅनेजर आणि दोन रिकाम्या सीट होत्या. एक शिकाऱ्याची. तिच्यासाठी परीक्षा होती: शंभर मीटरवरच्या पाटीवर तीन गोळ्या, तिन्ही लागायला हव्यात. दुसरी सीट नुसत्या बघ्याची. 'माझा एक मित्र लेखक आहे, शिकारीवर लिहील,' असं मालकाला सांगून त्याने ती माझ्यासाठी पटकावली होती. माझी एवढी मोठी फसवणूक अजून कुणी प्रेमाने केलेली नाही.

रात्री जेवताना त्याने शिकार कंपनीचं माहितीपत्रक उघडलं. हॉटेलच्या मेन्यूकार्डासारखं ते छापलेलं होतं. आधी हलकंफुलकं, हरणं वगैरे, मग झेब्रा, आणि शेवटच्या पानावर, जिथे आपल्याकडे बिर्याणी असते, तिथे रानरेडा.

त्याची सात वर्षांची मुलगी ताटावरून वाकून बघत होती. "बाबा, इज इट अ बॅड बफेलो?"

"नाही गं बेटा. वाइल्ड आहे."

"देन व्हॉट डिड इट डू?"

"होमवर्क झाला का तुझा?" मित्र म्हणाला.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि आमटी वाढली. माझ्या तीन पानांच्या भाषणाचं पोरीने एका वाक्यात काम तमाम केलं होतं.

परीक्षा आली नेमकी खंडेनवमीला. सकाळी वहिनींनी लॅपटॉप, मिक्सर, गाडीची किल्ली आणि पोरीचा टॅब पाटावर मांडून पूजा केली. मित्राने नमस्कार केला, प्रसाद खाल्ला आणि निघताना स्टीलचा छोटा करंडा आणि अक्षतांची पुडी खिशात टाकली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"अरे, बारा महिन्यांतून एक दिवस शस्त्रांचा. इतकी वर्षं मिक्सरची पूजा केली. आज खरं शस्त्र हातात येतंय आणि तसंच उचलू?"

"तू? ताट विहिरीत फेकणारा तू?"

"ती अंधश्रद्धा होती. ही संस्कृती आहे."

"आणि ते टाके?"

त्याने आरशात बघून केस मागे सारले. कपाळ गुळगुळीत होतं. "लेझर केलं. कस्टमर मीटिंगमध्ये बरं दिसत नव्हतं."

शारजाच्या पुढे वाळवंटात नेमबाजीचं मैदान होतं. तिथला उस्ताद पेशावरकडचा, निवृत्त फौजी. त्याने टेबलावर भाड्याची रायफल ठेवली, तिचा बोल्ट मागे ओढून गोळी भरायची खाच उघडी ठेवली आणि नियम सांगितला: रायफल अशीच उघडी राहील, मी परत येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. एवढं बोलून तो पाट्या लावायला निघून गेला.

मित्राने आजूबाजूला बघितलं. करंडा उघडला. रायफलीच्या लाकडाला बोटाने हळद लावली, कुंकू लावलं. मी म्हणालो, "अरे, हात लावायचा नाही म्हणाला तो." तो म्हणाला, "हात कुठे लावतोय, बोट लावतोय." मग डोळे मिटून त्याने अक्षता टाकल्या. लग्नात मागच्या रांगेतून टाकतात तशा, मोकळ्या हाताने.

उस्ताद परत आला आणि त्याने बोल्ट पुढे सरकवला. कर्रर्र असा आवाज झाला. त्याने आत बोट घातलं आणि बोटावर आलेला दाणा उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

"ये क्या है? चावल?"

"पूजा है, उस्ताद. आज हमारा त्योहार है."

"जनाब, सारी नौकरी मैंने रायफल से रेत निकाली है. चावल आज पहली बार निकाल रहा हूँ." त्याने रायफल उलटी करून आपटली. आणखी चार दाणे पडले. "खलास. ये आज नहीं चलेगी. दूसरी लाता हूँ. और आप हाथ जेब में रखिए."

मी हसणार होतो, पण तेवढ्यात मालक आला. त्याने रायफलीवरचा लाल ठिपका पाहिला आणि हे काय, म्हणून विचारलं. मित्राचा चेहरा उतरला होता, तरी त्याने छाती पुढे केली आणि म्हणाला, "सर, वेपन वर्शिप. फॉर व्हिक्टरी."

मालकाला गंमत वाटली. त्याने स्वतःची रायफल पुढे केली. मित्राने तिच्या दस्त्यावर बारीक टिळा लावला. अक्षतांना मात्र उस्तादाने हातानेच मनाई केली. मालकाने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही पाटीच्या मधोमध.

मग मित्र. नवी रायफल. पहिली गोळी वाळूत. दुसरी कुठे गेली ते उस्तादालाही सांगता आलं नाही. तिसरी पाटीला लागली, पण मालकाच्या. आता तिथे चार भोकं होती.

मित्राने रायफल खाली ठेवली. भिंत गेली, हे त्याच्या मानेवरून मागूनही कळत होतं. त्या क्षणी मला खरंच बरं वाटलं. चला, सुटला, असं वाटलं.

पण मालक पोट धरून हसत होता. हसता हसता त्याने मित्राच्या पाठीवर थाप मारली. "हबीबी, यू आर कमिंग. यू अँड युअर रेड पावडर. बट नो गन फॉर यू, ओके?"

पार्टीत बघ्याची सीट एकच होती. ती माझी होती. माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

परतताना गाडीत तो शीळ घालत होता.

"झालं ना काम," तो म्हणाला.

"कसलं काम? तू नापास झालास."

"पण चाललोय ना?"

"कुंकू लावायला."

"अरे, सुरुवात कुठून तरी होतेच की."

"ती सीट माझी होती."

"तू तर नकार देणार होतास ना? आमच्या हिला सांगत होतास म्हणे, भाषण वगैरे तयार आहे."

"देणारच होतो."

"मग? तुझं तत्त्व राहिलं, माझी सीट राहिली. यल्ला, चहा घेऊ."

मी चहा घेतला. चांगला कडक होता. नकार द्यायची संधीच न मिळालेल्या माणसाला तत्त्वनिष्ठ म्हणावं का, यावर वडिलांचं एकही पत्रक मला आठवलं नाही. दोन दिवसांनी मी परत आलो. तीन पानं विमानात सीटच्या खिशात राहिली, की ठेवली, ते आता नक्की सांगता येत नाही.

तीन आठवड्यांनी मोबाइलवर फोटो आला. पिवळं गवत. दगडावर टेकवून ठेवलेलं रेड्याचं प्रचंड डोकं, डोळे अर्धवट उघडे. मागे गुडघ्यावर मालक, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मॅनेजर. रेड्याच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, त्यावर चिकटलेले चार-पाच तांदळाचे दाणे. अगदी आमच्या जत्रेतल्यासारखं. रंग जराही सुटला नव्हता. आपल्याकडचंच कुंकू होतं ते.

मित्र कुठेच दिसेना. मग डाव्या कडेला, फोटो जिथे संपतो तिथे, मनगटापर्यंतचा एक हात दिसला. हातात स्टीलचा करंडा.

खाली त्याने लिहिलं होतं, "भिंतीवर लागला! मी पण आहे बघ. डावीकडे."

मी उत्तर लिहायला घेतलं. विहिरीपासून सुरुवात केली, टाक्यांपर्यंत आलो, मग सगळं पुसलं. शेवटी "दिसलास" एवढंच पाठवलं.