मुलुंड ते दहिसर: उपग्रहाच्या इंजिनातील तांब्याची गुंडाळी

उपग्रहांच्या विद्युत इंजिनाचे चित्र मी वर्गात फळ्यावर अनेकदा काढले आहे. चालते इंजिन मात्र कधी पाहिले नव्हते. माझी माजी विद्यार्थिनी प्रज्ञा पवईतल्या एका छोट्या कंपनीत अशी इंजिने तयार करते. तिने पाहायला बोलावले आणि संध्याकाळी दहिसरला घरीही यायची गळ घातली. आईशी काही बोलायचे आहे, तुम्ही सोबत असलात तर बरे, एवढेच ती म्हणाली. शनिवारी सकाळी मी मुलुंडहून निघालो.

पवईपर्यंत रिक्षा सोयीची. पवईच्या जोडरस्त्यावर मेट्रोचे काम सुरू आहे, त्यामुळे हाताशी जास्तीचा वेळ ठेवावा आणि पाण्याची बाटली विसरू नये.

कंपनीत पोलादी पिंपासारखी एक टाकी आहे. तिच्यातील हवा पंपाने उपसून अवकाशासारखी पोकळी तयार करतात. जाड काचेच्या झरोक्यातून मी आत पाहिले. वाटीएवढ्या इंजिनातून निळसर प्रकाशाचा झोत निघत होता, अगदी निःशब्द. येथे इंधन जळत नाही. झेनॉनसारख्या वायूच्या अणूंना विद्युतभार देऊन प्रचंड वेगाने मागे फेकतात आणि उपग्रह पुढे सरकतो. तळहातावर कागदाचा कपटा ठेवावा तेवढाच हा रेटा. पण तो महिनोन् महिने टिकतो आणि वायू अगदी थोडा लागतो. आतील चुंबकक्षेत्र तयार करतात त्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या. त्या कोण करते, असे मी विचारले. "आई," प्रज्ञा म्हणाली.

तिच्या आई, सुमनताई, पूर्वी पंख्यांच्या मोटारी भरत, म्हणजे त्यांत तार गुंडाळत. कंपनीच्या पहिल्या इंजिनापासून सगळ्या गुंडाळ्या त्यांनी दहिसरच्या घरी बसून केल्या आहेत.

तिथून आम्ही अंधेरीला गेलो. औद्योगिक वसाहतीच्या उपाहारगृहात राइस प्लेट स्वस्त आणि गरम मिळते. बाराच्या आत गेल्यास जागाही मिळते. जेवणानंतर प्रज्ञाने एका गाळ्यात तार गुंडाळणारे यंत्र दाखवले. गाळ्याचे मालक मालवणकडचे. यंत्रावर थाप मारीत ते म्हणाले, "मॅडम, ह्यां मशीन दमणा नाय, रुसणा नाय." प्रज्ञा हसली नाही. यंत्राची मागणी तिने आधीच नोंदवली होती, हे मला तेव्हा कळले. आईला अजून सांगितलेले नव्हते.

दहिसरला जाण्यासाठी गुंदवलीहून मेट्रो उत्तम. तिकीट पन्नाशीच्या आत. दिंडोशीच्या आसपास उजवीकडे डोंगर दिसू लागतात. प्रज्ञा सारा वेळ तिकडेच पाहत होती.

घर चाळीतले, दोन खोल्यांचे. खिडकीशी स्टूल, त्यावर अर्धी भरलेली गुंडाळी. सुमनताईंचे माहेर परभणीकडचे. ज्वारीची भाकरी आणि ठेचा त्यांनी आग्रहाने वाढला. मग त्यांनी विचारले, "सर, ह्या इंजिनांचं पुढं काय आहे? चालेल ना पोरीचा धंदा?"

माझा आवडता विषय. मी सविस्तर सांगू लागलो. पूर्वी मोजकेच, पण मोठे उपग्रह पाठवीत. आता लहान उपग्रहांचे थवेच्या थवे जातात. त्यांतल्या बहुतेकांना कक्षा राखायला आणि आयुष्य संपल्यावर खाली उतरायला इंजिन हवे. झेनॉन महाग, म्हणून क्रिप्टॉनवर चालणाऱ्या इंजिनांकडेही ओढा वाढतो आहे. ग्राहक आता एक उत्तम इंजिन मागत नाहीत. एकासारखी एक अशी शेकडो मागतात, तीही लवकर.

सुमनताई नीट ऐकत होत्या. "शेकडो," त्या म्हणाल्या. "म्हणजे हातानं व्हायचं नाही."

माझे शब्द जिथे पोहोचायला नको होते तिथे पोहोचले होते. प्रज्ञाने मान खाली घातली. "आई, मशीन घेतोय. पुढच्या महिन्यात येईल."

"मग हे तू सांगायचं ना गं. सरांना कशाला उन्हातान्हात फिरवलंस?"

प्रज्ञा घाईघाईने सांगू लागली की पगार तोच राहील, आईने कंपनीत येऊन यंत्रावरच्या गुंडाळ्या फक्त तपासायच्या. सुमनताईंनी ताट बाजूला सारले.

"दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढत बसू? मला नाही जमायचं ते. मला गुंडाळायला येतं." मग त्याच म्हणाल्या, "मशीन घे तू. धंदा थांबवू नकोस माझ्यासाठी."

मी निघालो तेव्हा सुमनताई पुन्हा स्टुलाशी बसल्या होत्या. तार बोटांतून सरकत होती.

परतीला दहिसर चेकनाक्यावरून बस पकडली आणि गर्दीतून रखडत मुलुंडला पोहोचलो. असा प्रवास करू इच्छिणाऱ्यांनी पवई आणि अंधेरी एका दिवसात जरूर पाहावे. पुढे कोणाच्या घरी जाणार असाल, तर माझ्यासारखी घाई करू नये. मागणीच्या वाढीविषयी मी जे सांगितले ते खरे आहे आणि आजही त्याच उत्साहाने शिकवेन. मात्र ते सांगायचे होते लेकीने, आणि सांगून बसलो मी.

परवा प्रज्ञाचा फोन आला. यंत्र बसले, चांगले चालते. आईने केलेली शेवटची गुंडाळी कंपनीच्या दर्शनी कपाटात, काचेमागे ठेवावी, अशी प्रज्ञाची इच्छा होती. सुमनताईंनी साफ नकार दिला.

"कपाटात ठेवायला नाही केली मी," त्या म्हणाल्या. "इंजिनात लाव."

प्रज्ञाने ती लावली.