वैशूला घेऊन चांदवडहून नाशिकला

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी वैशू तीन वर्षांची होत आली तरी चालत नव्हती, बोलत नव्हती. चांदवडला जो तो सांगे, "बोलेल उशिरा." सासूबाईंचा मात्र धीर सुटला. "वाट बघून काय व्हायचं नाय. नाशिकला नेऊ," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी एसटीत.

लहान मूल घेऊन हा प्रवास करणार असाल तर पुढची सीट धरा. मागे प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. तिकीट परवडण्यासारखं होतं, मांडीवरचं मूल फुकट. ओझरपर्यंत सासूबाई वैशूला न थांबता माहिती देत होत्या: हा ट्रक, ही म्हैस, ही कांद्याची चाळ. नाशिकला स्टँडसमोर मिसळ घेतली. माझं सगळं लक्ष वैशूकडे. माझेही पाव सासूबाईंनीच संपवले.

उशिरा शिकणाऱ्या मुलांचं केंद्र म्हणजे एका बंगल्यातल्या दोन खोल्या. तिथल्या ताईंनी वैशूला जाड लोडावर पालथं टाकून झुलवलं, तशी ती खिदळायला लागली. मी विचारलं, "ही बरी होईल ना?"

"हा आजार नाही," ताई म्हणाल्या. "शिकेल, पण तिच्या वेगाने. किती, ते आज सांगता येणार नाही. लवकर आणलंत, हे चांगलं केलंत."

मला रडू आलं. सासूबाईंनी विचारलं, "मग औषधाची बाटली?"

"बाटली नाही, आजी. तिच्याशी एक वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं. तिची बोलायची पाळी येऊ द्यायची."

एवढं कडक पथ्य सासूबाईंना आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

परतताना पिंपळगावला द्राक्षं घेतली. सासूबाईंनी एक सोलून अर्धं केलं, वैशूसमोर धरलं, "पाहिजे?" म्हणाल्या आणि ओठ घट्ट मिटले. कंडक्टर म्हणाला, "आजी, बरं वाटत नाय का?" त्यांनी हातानेच त्याला गप्प केलं.

"पोरीची बोलायची पाळी आहे," मी हळूच सांगितलं.

मग तोही थांबला, शेजारचेही थांबले. बऱ्याच वेळाने वैशूने सासूबाईंकडे बघत "आ" केलं. वडाळीभोई येईपर्यंत तिने अख्खा घोस असाच मागून खाल्ला.

पुढे वैशू पाचव्या वर्षी चालली. शब्द कमीच आले, काही आलेच नाहीत. पण त्या प्रवासातली थांबायची सवय घरात सगळ्यांना लागली. आजही तिला काही विचारलं की मी गप्प बसते. ती सावकाश विचार करते आणि बहुतेक वेळा "नाही" म्हणते.