लारूसीच्या मागून आलेली वाळू

लारूसी आमच्या बेटावर उतरला तेव्हा त्याच्याकडे एक पिशवी आणि एक कोयता, एवढंच होतं. धक्क्यावरच्या हमालानं विचारलं, "बाकीचं सामान मागून येतंय का?"

"मागून काही येऊ नये म्हणून तर आलोय," लारूसी म्हणाला.

त्याचं गाव समुद्रापलीकडच्या मुलखात, पार आत, वाळवंटाच्या कडेला. वाळूनं ते हळूहळू गिळलं. आधी अंगणं, मग खिडक्या, शेवटी आईची कबरही. टेकाडांच्या माथ्यावर खजुराच्या झावळ्यांची दाट कुंपणं रोवून लारूसी अर्धं आयुष्य वाळूशी झुंजला आणि हरला. बायकोला, मबरूकाला, तिच्या भावाकडे ठेवून तो समुद्राकडे निघाला. जम बसला की तिला आणायचं, एवढाच मनसुबा.

आमच्याकडे जमिनीसारखा समुद्रही वाटणीत येतो. ज्यानं त्यानं आपल्या तुकड्यात, उथळ पाण्यात झावळ्यांची भिंत रोवायची. ओहोटीबरोबर परतणारा मासा भिंतीच्या कडेकडेनं जातो आणि टोकाला झावळ्यांचीच बंदिस्त खोली असते, तिच्यात अडकतो. म्हाताऱ्या सालूहाचा नवरा गेलेला, मुलगे परदेशी. तिचा तुकडा ओस होता. तो तिनं लारूसीला अर्धेलीनं दिला.

"हिवाळ्याच्या आत मासा दाखव, बाबा. नाहीतर माझा पुतण्या ह्या तुकड्यावर टपून बसलाय."

"मावशी, झावळी रोवायला मला शिकवू नका."

तिथंच त्याचं चुकलं. शेजारच्या तुकड्यातला शाद्ली होडीतून बघत होता. तो ओरडला, "अरे, मासे अडवतोयस की वारा? फटी ठेव! पाण्याला जाऊ दे की!"

पण लारूसीचे हात गावाकडचेच होते. त्यांनी दाट, दुहेरी भिंत उभी केली.

मासा आला नाही. पहिल्या मोठ्या ओहोटीला लारूसी टोकाच्या खोलीत उतरला, तर पाय वाळूत घोट्यापर्यंत रुतले.

"पाणी अडवल्यावर गाळ बसणारच," म्हणत शाद्लीनं मूठभर वाळू उचलली आणि बोटांत चोळून बघितली. आमच्या समुद्राची वाळू करडी, शिंपल्यांच्या चुऱ्यानं टोचणारी. ही पिवळी होती, पिठासारखी. पाण्यातून काढलेली असूनही कोरड्यासारखी बोटांतून निसटत होती. शाद्लीनं हात धुतला. पुन्हा धुतला.

कॉफीच्या दुकानात थट्टा सुरू झाली. "लारूसी, वाळवंट आणलंस, आता उंटही मागव!"

दुसरा म्हणे, "येऊ दे उंट, शाद्लीच्या होडीत बांधू!"

मग वाळू भरतीतही पाण्यावर दिसायला लागली. तिला माथा आला, एका अंगाला तीव्र उतार आला, आणि थट्टा आपोआप थांबली. बायका त्या बाजूला खेकडे धरायला जाईनाशा झाल्या. वाऱ्याचं नाव नसलेल्या दुपारीही माथ्यावरून कण घरंगळत. नेहमी किनाऱ्याच्याच बाजूला. लारूसी टोपल्यांनी वाळू उपसायचा आणि खड्डा त्याच्या डोळ्यांदेखत भरायचा.

अशात मबरूका न बोलावताच आली.

"किती वाट बघू, माणसा? माझी वहिनी रोज माझ्या भाकऱ्या मोजते."

लारूसी तिला ओहोटीत त्या टेकाडावर घेऊन गेला. तिनं वाळू हातात घेतली, ओळखली. मग आडवी होऊन कान लावला.

"खलबत्ता वाजतोय," ती हळूच म्हणाली. "तुझी आई कॉफी कुटतेय."

लारूसीनं कान लावला. दोन ठोके, मग थोडं थांबून एक. आई अशीच कुटायची. तो ताडकन उठला.

"उद्याच निघू. आणखी पुढं जाऊ."

"पुढं कुठं? पुढं नुसतं पाणी आहे." मबरूकानं अंगावरची वाळू झटकली. "तिकडून उठलो, आता इथून उठायचं नाही. उपट ह्या झावळ्या."

दोघांनी भिंत उपटायला घेतली. शाद्ली लांबून बघत राहिला, मग शिव्या देत पाण्यात उतरला. शेवटची झावळी निघाली तशी भरती मोकळी आत शिरली. दुसऱ्या सकाळी तिथं टेकाड नव्हतं. सपाट, करडा तळ.

"फटी ठेव म्हणत नव्हतो?" शाद्ली हसला, जरा जास्तच मोठ्यानं.

नवी भिंत विरळ रोवली. तिच्यात मासा आला, हिवाळ्याच्या आत. सालूहानं टोपलीतला सगळ्यात मोठा मासा उचलून पुतण्याच्या दारावरून मिरवत नेला.

त्याच सकाळी लारूसीच्या उंबऱ्यावर पिवळ्या वाळूचा पातळ थर होता. किनाऱ्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर मात्र एक कण नव्हता. लारूसी कपडे बांधायला लागला. मबरूकानं गाठोडं त्याच्या हातातून घेऊन सोडलं आणि केरसुणी उचलली.

"झाडायला मला येतं. तू ओहोटी बघ."

ती रोज पहाटे झाडते, अजूनही. शेजारणी कधीतरी विचारतात, "अगं, समुद्र एवढा लांब, मग तुझ्याच दारात वाळू कशी?"

"सासूबाई येऊन जातात," ती म्हणते आणि झाडत राहते.