सुनंदाच्या कानातले खडे

चहा आधी पिऊन घ्या. मंग ठसका लागला तर मी जबाबदार नाही! कारण आता सांगून राहिलो ती माही फजिती हाय, अन् तीबी भर इतवारी बाजारातली.

त्या दिवशी सकाळी आमची सुनंदा झोपेत कूस बदलायले गेली अन् एकदम ओरडली, "अहो, धरा मले! पंखा खाली आला अन् मी वर चालली!"

तिनं पलंग असा गच्च धरला होता, जसं काही घर आकाशपाळण्यात बसलं. जराशानं थांबलं. पुन्हा मान वळवली, पुन्हा गरगर! उलटीबी झाली. मी तिच्यापुढंच बडबडायले लागलो. बीपी असंल का? हार्ट? का मेंदूतच काही झालं? शेजारच्या काकू धावत आल्या, म्हणे नजर लागली. मीठमोहऱ्या उतरवल्या. नजर उतरली असंल, पण पंखा काही वर जाईना!

आमची पोरगी रूपाली म्हणाली, "बाबा, तुम्हीच आईले जास्त घाबरवून राहिले. मी नेतो तिले कानाच्या डॉक्टरकडे. तुम्ही दुकानात जा."

चक्कर आली अन् कानाचा डॉक्टर? मले काही समजलं नाही. पण पोरगी शिकलेली. मी आपला गेलो गांधीबागेच्या बाजारात. तिथं मी कापडाच्या दुकानात सेल्समन हावो. लग्नसराई, गर्दी, कल्ला. पण मन कुठं लागते? एका बाईनं पैठणी मागतली, मी तिच्यापुढं टॉवेल पसरले!

दुपारी रूपालीचा फोन आला.

"बाबा, काही घाबरू नका. आईच्या कानातले खडे सरकले, म्हणून चक्कर."

"कानातले खडे?"

"हो न! ते जागेवर बसले का चक्कर बंद. डॉक्टरनं…"

इकडं गिऱ्हाईकांचा गोंधळ, तिकडं रूपाली काय बोलली काही समजलं नाही. फोन कट!

आता तुम्हीच सांगा, 'कानातले खडे' म्हटल्यावर माणसाच्या डोक्यात काय येईन? आठवड्याआधीच सुनंदाच्या टॉप्सचे खडे मी इतवारीतल्या सोनाराकडून पक्के करून आणले होते! अन् कानाच्या पाळीतली शीर सीधी मेंदूले जाते, हे मी मोबाईलवर वाचलंच होतं. झालं! खडा ढिला, शीर दबली, बायको फिरली. डॉक्टरच्या आधी रोग म्याच पकडला!

मालकाले सांगून तडक इतवारी गाठली.

"शेटजी, कसं काम करता तुम्ही? तुमच्या खड्यानं बायको गरगर फिरून राहिली माही!"

सोनारानं चष्म्यावरून पाह्यलं. "खड्यानं चक्कर? काहून गा भाऊ?"

"पाळीतली शीर दाबते न! डॉक्टरनं सांगतलं!"

डॉक्टरचं नाव निघालं अन् दुकानात साऱ्यांनी कान टवकारले. सावनेरहून आलेल्या एका बाईनं गपचूप कानातले काढून पदराले बांधले. दुसरी म्हणाली, "अवं माय! मलेबी कालपासून डोकं जड वाटून राहिलं!" तिसरी सोनाराच्या पुढ्यात कान घेऊनच बसली, "आधी माहे खडे पाहा!"

सोनाराले घाम फुटला. "भाऊ, हात जोडतो. टॉप्स घेऊन या. तुमच्या डोळ्यांपुढं बसवून देतो."

मी ऐटीत रूपालीले फोन लावला. अन् साऱ्यांनी ऐकावं म्हणून स्पीकरवर टाकला. अक्कल!

"रूपाली, आईचे टॉप्स घेऊन ये वं. शेटजी खडे बसवून देऊन राहिले."

"कोणते खडे? ते तर डॉक्टरनं मघाच बसवले!"

"डॉक्टरनं? चिमटा होता त्याच्याजवळ?"

"चिमटा कायले पाह्यजे? आईले आडवं केलं, डोकं हळूहळू इकडून तिकडं वळवलं, बसले! बाबा, टॉप्सचे नाही हो! कानाच्या पार आत बारीक बारीक खडे राह्यतात, सगळ्यांनाच. त्याच्यानं आपला तोल राह्यते. ते जागेवरून सरकले का दुनिया फिरते… बाबा, तुम्ही हाव कुठं?"

काय सांगू, कुठं हावो? सारं दुकान हसून राहिलं होतं. पदरातले कानातले पुन्हा कानात गेले. सोनार म्हणाला, "भाऊ, एवढ्या आतलं काम आपण नाही घेत!"

हुडकेश्वरले घरी आलो तर सुनंदा मस्त पोहे खाऊन राहिली होती. डॉक्टरनं समजावलं होतं, उठताना आधी पलंगाच्या काठावर जरा बसायचं, मंग उभं राह्यचं. मानेले झटका द्यायचा नाही. पुन्हा झालं तरी घाबरायचं नाही, सीधं दवाखान्यात यायचं. मी नुसता तिच्याजवळ बसून राह्यलो. सकाळपासून छातीवर धोंडा होता, तो तेव्हा कुठं उतरला.

पुढच्या तपासणीले मीबी संग गेलो. रूपालीनं माहा पराक्रम डॉक्टरले आधीच सांगून ठेवला होता. डॉक्टर पोटभर हसले, मंग म्हणाले, "काका, फोनवर तुम्हाला नीट ऐकू आलं नाही म्हणता? बसा इथे. तुमचेही कान बघू."

बत्ती लावली. आत पाह्यलं. "अरे बाप रे!" म्हणाले अन् बारीक आकड्यानं काहीतरी ओढून ट्रेमध्ये टाकलं. टण्! तुरीच्या दाण्याएवढा, काळाकुट्ट, टणक मळ!

"काका, खरा खडा तर तुमच्याच कानात निघाला!"

सुनंदा हळूच वाकली, मानेले झटका न देता, अन् तिनं तो नीट पाह्यला.

"फेकू नका हो डॉक्टरसाहेब! लग्न झालं तेव्हापासूनचं माहं सारं बोलणं त्याच्यातच अडकून हाय!"