सम घरांना काही सांगायचं नाही

माझी मावशी वीस वर्षं कापडाच्या दुकानात काउंटरला होती. "हा रंग घेऊ नका, आधीच आजारी दिसताय," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, आणि तरी सगळ्यात जास्त विक्री तिचीच. दुकान बंद पडलं. बावन्नाव्या वर्षी तिला सर्वेक्षणाचं काम मिळालं. त्या कामात एक अट होती: स्वतःचं मत द्यायचं नाही.

विकसनशील देशांतले गरीब लोक कायद्याची वाट का धरत नाहीत, याचा अभ्यास करायला बाहेरच्या विद्यापीठातून एक प्राध्यापक आले होते. "म्हणजे आपण अजून विकसनशीलच?" मावशीने मला विचारलं. मी म्हटलं, माझ्या शाळेच्या पुस्तकात तरी तसंच होतं. "माझ्याही," ती म्हणाली.

टॅबमधला प्रश्नांचा फॉर्म मी बनवून दिला होता, म्हणून मला अभ्यासाची रीत ठाऊक आहे. प्राध्यापकांनी दोनशे घरांची एक गल्ली निवडली. रस्त्याच्या एका बाजूला विषम नंबर, दुसऱ्या बाजूला सम. चिठ्ठी टाकून ठरलं की विषम घरांना कायद्याची माहिती द्यायची, सम घरांना काही सांगायचं नाही. दोन वर्षांनी दोन्ही बाजू ताडून बघायच्या. विषम बाजू पुढे गेली तर माहितीचा उपयोग होतो, नाही गेली तर होत नाही. एका गल्लीवरून इतक्या देशांबद्दल कसं बोलता येईल, असं मी भीत भीत विचारलं. प्राध्यापक म्हणाले, गल्ली लांब आहे.

मावशीने दर तीन महिन्यांनी घरोघर जायचं. सम घरी नुसते प्रश्न. विषम घरी प्रश्न, आणि वर बारा मिनिटांची पुस्तिका वाचून दाखवायची. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात चेहरा कोरा ठेवायला शिकवलं. मावशीला ते जमायचं, पण श्वास रोखूनच. शेवटी प्रशिक्षक म्हणाले, चेहऱ्यावर थोडं दिसलं तर चालेल, तोंडातून निघू देऊ नका.

"कायद्यावर तुमचा विश्वास किती? एक ते पाच सांगा," ती सत्तेचाळीस नंबरच्या निवृत्त कंपाउंडरांना विचारायची.

"तुम्हाला किती हवाय?"

"मला मत नाही, काका."

"मग तीन लिहा. कोणाचं मन दुखावणार नाही."

समोर अठ्ठेचाळीस नंबरात इस्त्रीवाली राहायची. दारापुढे टेबल, त्यावर इस्त्री, त्या टेबलावर चार माणसांचं घर चालायचं. एका फेरीला मावशी सत्ताविसाव्या प्रश्नाला आली: गेल्या तीन महिन्यांत सरकारी नोटीस आली का?

"आली की." इस्त्रीवालीने ब्लाउजच्या चवडीखालून कागद काढला. टेबल रस्त्यावर आहे, पंधरा दिवसांत हटवा, नाहीतर नगरपालिका उचलून नेईल. "नऊ दिवस झाले बघा, ताई."

"मग तुम्ही काय केलंत?" हा अठ्ठाविसावा प्रश्न होता.

"तुमची वाट बघितली."

पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत दिली तर मोजणी झाल्याशिवाय टेबल उचलता येत नाही, हे पुस्तिकेच्या चौथ्या पानावर होतं आणि मावशीला पाठ होतं. ती बाजूला गेली आणि सुपरवायझरला फोन लावला.

"सर, तिचं टेबल जाईल हो."

"गेलं तर तसं नोंदवा. पुढच्या फेरीत एकतिसावा प्रश्न त्याचाच आहे."

"दोन वाक्यं सांगितली तर?"

"तर आपला आकडा बिघडेल. तुम्ही सांगायचं फक्त विषम घरांत."

मावशीने फोन ठेवला आणि रस्ता ओलांडून सत्तेचाळीस नंबरच्या पायरीवर जाऊन बसली. कंपाउंडर काका पेपर वाचत होते.

"काका, चौथं पान वाचायचंय."

"तीनदा वाचलंत की."

"पुन्हा वाचते." आणि तिने काउंटरवरचा आवाज लावला, गर्दीत शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत जाणारा. "नोटीस आल्यास पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या! दोन प्रती करा!"

"अहो हळू, मला ऐकू येतं."

"एका प्रतीवर शिक्का मारून घ्या! शिक्का मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलू नका!" हे दुसरं वाक्य पुस्तिकेत नव्हतं.

समोरून प्रश्न आला, "तारीख वर लिहायची की खाली?"

मावशी कंपाउंडरांकडेच बघत होती. "तुम्ही विचारताय म्हणून सांगते, काका. वर."

"मी कुठे विचारलं?"

"आणि सही खाली."

तेराव्या दिवशी इस्त्रीवालीने हरकत दिली. मोजणीला माणूस आला. टेबलाचे दोन पाय वीतभर रस्त्यावर निघाले. तिने टेबल आडवं फिरवलं, त्याने फीत गुंडाळली, नोटीस मागे गेली.

पुढच्या फेरीला सम बाजूची निम्मी माणसं स्टुलं घेऊन दारात बसली होती. मावशी विषम बाजूच्या पायऱ्यांवर बसून वाचायची. बारा मिनिटांची पुस्तिका पन्नास मिनिटं कशी चालते, असं सुपरवायझरने विचारलं. "कंपाउंडर काकांना उशिरा कळतं," ती म्हणाली. वेळेचा तो रकाना माझ्यासमोर यायचा. मी तो तसाच पुढे पाठवायचो.

दोन वर्षांनी प्राध्यापकांनी आकडे ताडून बघितले. नोटीस आलेल्यांपैकी विषम बाजूच्या शेकडा साठांनी हरकत दिली होती, सम बाजूच्या शेकडा त्रेसष्टांनी. फरक जवळपास शून्य. निबंध छापून आला: गरिबांना कायद्याची माहिती देऊन उपयोग होत नाही. तो वाचून पुस्तिकेला पैसे देणाऱ्या संस्थेने पैसे थांबवले. शेजारच्या सहा गल्ल्यांत पुस्तिका सुरू होणार होती, तेही राहिलं.

मी तो निबंध मावशीला वाचून दाखवला. तिने शेवटचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला, चपला घातल्या आणि प्राध्यापकांच्या ऑफिसात गेली. मी मागोमाग.

"सर, फरक पडत नाही कसा? मी ओरडून वाचत होते. दोन्ही बाजूंना ऐकू जायचं. त्या सहा गल्ल्यांना मिळू द्या ती पुस्तिका."

प्राध्यापक म्हणाले, "निबंध छापून आलाय."

"मग दुसरा छापा."

त्यांनी वही ओढली. माणूस वाईट नव्हता, डोळ्यांत एकदम चमक आली. "आवाज साधारण किती घरांपर्यंत जायचा?"

"वाऱ्यावर असायचं ते," मावशी म्हणाली. "पण त्या सहा गल्ल्यांचं काय?"

वाऱ्याचं त्यांनी लिहून घेतलं.